जिभेवरची तार

तारेची दोन टोकं हातात आली की तो आधी ती जिभेला लावायचा. डोळे मिटायचा, तोंड वाकडं करायचा आणि ओरडायचा, "हाय! जिवंत हाय!" मग तीच ओली टोकं विजारीला पुसून माझ्यापुढे धरायचा. "जीभ लावून बघा की मास्तर. मुंग्या येत्यात."

मला शिसारी यायची. आमच्या घरात दुसऱ्याच्या उष्ट्या पेल्याला कुणी ओठ लावत नसे, आणि हा गृहस्थ मला उष्टी तार चाखायला सांगत होता! माझ्या जागी तुम्ही असता तर दोन पावलं मागं सरला असता. मी चार सरायचो.

"चव तरी कशी असते?" मी लांबूनच विचारायचो.

"पितळीत ठेवलेल्या कढीवाणी. कळकलेली."

तो आमचा कल्हईवाला. शनिवार पेठेत, आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची भट्टी होती. आमच्या संस्थानात महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. वीज म्हणजे आम्हाला ठाऊक होती ती आभाळात कडाडणारी. याच्याकडे मात्र कल्हईचा नवसागर होता, जस्ताचे तुकडे होते, आणि तंबूत सिनेमा लागला की तिथल्या दिव्यातल्या जळून उरलेल्या कोळशाच्या कांड्या तो मागून आणायचा. लोणच्याच्या बरणीत नवसागराचं पाणी, त्यात एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला ती कांडी. अशा सहा बरण्या त्यानं घरात तारांनी जोडून मांडल्या होत्या; त्यांतून वीज यायची. त्याला वाचता येत नव्हतं. माझ्याकडच्या एका इंग्रजी पुस्तकातली चित्रं त्यानं तेवढी चार वेळा समजून घेतली होती. बरण्यांच्या काठाला पांढरी-हिरवी पापडी चढायची, ती तो नखानं खरवडायचा आणि त्याच हातानं बिडी ओढायचा. मी नाकाला उपरणं लावूनच त्याच्या दारात उभा राहायचो.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते गल्लीला ठाऊक होतं. त्याच्या बायकोला अर्धांग झालं होतं. वाचाही गेली होती. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलायची. घर गल्लीच्या आतल्या टोकाला, भट्टी तोंडाशी. तहान लागली तरी तिला हाक मारता येत नव्हती. म्हणून हा दर थोड्या वेळानं भाता सोडून घराकडे पळायचा, आणि निखाऱ्यावर आमची पातेली करपायची.

शेवटी एकदा घंटा तयार झाली. पितळी वाटी, मोडक्या घड्याळाची स्प्रिंग आणि सूत गुंडाळून मेण लावलेली तार. बटण बायकोच्या दोन बोटांखाली, घंटा भट्टीवर, आणि मधली तार चार घरांच्या वळचणीखालून नेली होती. एक वळचण माझी होती. मी तोंड वाकडं करूनच परवानगी दिली होती.

घंटा पहिल्यांदा खणखणली तेव्हा तो हातात सांडशी घेऊनच धावला. मागून मीही गेलो.

"काय पायजे? पाणी?"

तिनं मान हलवली. नाही.

"मग वाजवलीस कशाला?"

तिचा अर्धा चेहरा हसला आणि तिनं पुन्हा बटण दाबलं. पलीकडे, कुणीच नसलेल्या भट्टीवर घंटा वाजत राहिली. तो उंबऱ्यावर बसला, हसला, आणि मग बाहीनं डोळे पुसू लागला. त्या दिवशी मला त्याची किळस आली नाही, एवढं खरं.

पण माझी जीभ! ती काही नवसागरात बुडालेली नव्हती, तरी तिच्याइतकी घाण त्या गल्लीत दुसरी नव्हती. दोन-चार दिवसांनी पारावर पान खाताना मी म्हणालो, "तार चाटून बघतो, तसा आपली भांडीही चाटूनच बघत असेल. कल्हई नीट बसली का म्हणून." सगळे खो खो हसले. मलाही माझं कौतुक वाटलं.

विनोद घरोघरी गेला आणि तिसऱ्या दिवशी तो विनोद उरलाच नाही. कुणाच्या तरी जावेनं त्याला पातेलं चाटताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं म्हणे! बायकांनी भांडी देणं बंद केलं. आमच्या घरातली पातेलीही दुसऱ्या पेठेत जाऊ लागली. भट्टी थंड पडली.

तो माझ्याकडे आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मास्तर, तुमचं ऐकत्यात समदी. एकदा सांगा की. मी तार चाखतो, भांडं न्हाय. कुराणाची शपथ."

हे कुणी सुरू केलं ते त्याला ठाऊक नव्हतं. आणि गल्लीला खरं सांगायचं तर आधी माझं नाव घ्यावं लागणार होतं. "बघतो," मी म्हणालो. तो पुन्हा दोनदा आला. दोन्ही वेळा मी "बघतो"च म्हणालो. मुलांना सत्याचे धडे शिकवणारा मी!

महिन्याभरात तो मलकापूरला मेहुण्याकडे निघाला. बैलगाडीत गवतात बरण्या उभ्या ठेवल्या होत्या. बायको आडवी होती, तिच्या हातात बटण, आणि घंटा पुढे जुवाजवळ टांगलेली. तो बैलांच्या शेजारून चालत होता. आम्ही सगळे आपापल्या दारांत उभे होतो.

वळणावर घंटा वाजली. त्यानं गाडी थांबवली आणि मागं गेला.

"काय पायजे?"

तिनं काय मागितलं ते आम्हाला दिसलं नाही. त्यानं तिची चादर नीट केली, बरण्यांतून निघालेल्या तारेची दोन्ही टोकं जिभेला लावली, पुन्हा खोचून ठेवली आणि गाडी पुढे हाकली.

नव्या कल्हईवाल्याचं काम कच्चं होतं. पावसाळा सरायच्या आत आमच्या पातेल्याची कल्हई उडाली. एका दुपारी पहिल्याच घोटाला कढी कळकलेली लागली. बायको म्हणाली, "थुंका ती, मी दुसरं काही करते."

मी मान हलवली, आणि वाटीतली सगळी कढी पिऊन टाकली.