आखूड पाय

चाळीस वर्षं लोकांच्या घरची दारं-खिडक्या बसवत आलेल्या मिस्त्रींसमोर केंद्राच्या ताईंनी आइस्क्रीमच्या वीस काड्या आणि डिंकाची बाटली ठेवली. "आजोबा, आपण छानसं घर करू या हं."

मिस्त्रींनी एक काडी उलटसुलट करून पाहिली. "यात उंदीर तरी राहील का?"

स्मृतिभ्रंश झालेल्यांसाठीचं हे दिवसभराचं केंद्र. भिंतीवर कागदी फुलपाखरं आणि कलेच्या तासाला हसणाऱ्या प्रत्येकाचा फोटो. मिस्त्रींचा एकही नव्हता. तास सुरू झाला की ते टेबलाखाली शिरत, तो संपेपर्यंत बाहेर येत नसत. ताई तक्त्यात लिहीत: सहभाग शून्य. सलग चार आठवडे शून्य, की जागा यादीतल्या पुढच्या माणसाला. तीन झाले होते.

त्यांची सून लाँड्रीत दिवसभर इस्त्रीला उभी असे. सासऱ्यांना कुलपात ठेवूनही पाहिलं होतं. त्यांनी आतून दाराच्या बिजागऱ्याच काढल्या. नातवाचं नाव विसरलेला माणूस, पण 'चालतंय' या शब्दाचा तिटकारा शाबूत. तिच्या लग्नातलं कपाट त्यांनी तीनदा उतरवून पुन्हा बसवलं होतं.

चौथ्या शुक्रवारी ती रजा टाकून आली. सासरे टेबलाखालीच होते. ती वाकली. "बाबा, काय चाललंय?"

"पाय आखूड आहे. पाच जण वर रंगवत बसलेत, एकाला पत्ता नाही."

त्यांनी दोन काड्या जोडल्या, टोक फरशीवर घासून उतरतं केलं आणि चपलेनं ठोकून टेबलाच्या त्या पायाखाली सारलं.

ताईंनी पाहिलं. "साहित्याचा गैरवापर," त्या तक्ता उघडत म्हणाल्या. "घर करायचं होतं."

"मग काढा त्या काड्या," सून म्हणाली, "आणि खुशाल लिहा."

ताईंनी काड्या ओढून काढल्या, टेबलावर तक्ता ठेवून कोपर टेकलं. टेबल कललं. ब्रश धुवायचा पेला आडवा झाला आणि गढूळ पाणी तिन्ही शून्यांवरून वाहत गेलं.

"सांगतोय कधीचा," खालून आवाज आला.

ताईंनी काड्या परत दिल्या. कोऱ्या तक्त्यावर लिहिलं: सहभाग चांगला, लाकूडकामाची आवड. मग लगेच मोबाइल काढला. "आजोबा, इकडे बघा. हसा."

मिस्त्रींनी मान वळवली नाही. ते रांगत पलीकडच्या टेबलाकडे निघाले होते.