बैल मागं येईपर्यंत

जगात गवई दोनच प्रकारचे: गुरूकडे शिकलेले, आणि आमचा पोखर्णीचा गवई. हा माणूस बैलांकडे गाणं शिकला, आणि कुणी विचारायच्या आधीच तो हे सांगून टाकी. बाप तेलंगणातला, विहिरी खणणारा. पोखर्णीत एक विहीर खणायला आला आणि पाणी गोड लागलं म्हणून बायकोपोरासह तिथंच राहिला. पोराला मराठीचं अक्षर येत नव्हतं. बापाच्याच विहिरीवर मोट हाकणाऱ्या म्हाताऱ्यापाशी ते दिवसभर बसे, आणि म्हातारा बैलांशी जी मराठी बोले तीच शिके. मोठेपणीही हा माणसांशी तसाच बोलायचा. एकदा पंगतीत जागा हवी होती, तर खुद्द तहसीलदारांच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "मागं सरा राजा, सावकाश." तहसीलदार निमूट सरले.

गाण्याचीही तीच तऱ्हा. बैल भरली मोट ओढत उतारानं खाली जातात तेव्हा मोटकरी गातो. मोट रिती झाली की बैल उलट्या पावलांनी वर येतात, तोवर तो गप्प. हाही भर मैफलीत एक ओळ गायचा की गप्प. तबल्यावर मी, गावचा शाळामास्तर, माझा जीव टांगणीला. "अहो, गा की," म्हटलं तर शांतपणे म्हणे, "मास्तर, बैल मागं यायलेत अजून."

हैदराबादच्या रेडिओची परीक्षा आली तेव्हा मी हट्टालाच पेटलो. नुसती शाळा करून मरायचं नव्हतं मला, एकदा तरी रेडिओवर वाजवायचं होतं. नरसिंहाच्या देवळात त्याला शपथ घातली, मधे थांबायचं नाही. "बघतो," म्हणाला. आणि तिथं पहिल्याच ओळीला हा थांबला! ती रिकामी जागा झाकायला मी असा काही तबला बडवला की बोटं सुजली. परीक्षकांनी चष्मा काढला. "गाना खूब है. मगर ये तबलेवाले साब चुप क्यूं नहीं बैठते?"

त्याला घेतलं, मला नाही. खोटं कशाला बोलू, मला त्याचा भयंकर राग आला. पण यानं माझा डग्गा काखेत मारला आणि म्हणाला, "साहेब, एका बैलावर मोट चालत न्हाई. पंधरा दिवसांनी दोघं येतो."

ते पंधरा दिवस शाळा सुटली की मी विहिरीवर. तबला घरी, नुसते बैल बघायचे; हात मात्र मांडीवर ठेका धरून. चार दिवस मी मनातल्या मनात त्याला शिव्या घातल्या. मग एका संध्याकाळी बैल मागं येत होते आणि माझे हात मांडीवर गप्प पडले होते. माझं मलाच ते उशिरा कळलं. त्यानं फक्त मान हलवली. पुढच्या खेपेला आम्ही दोघंही पास झालो.

आता तो नाही. विहिरीवर तेलाचं इंजिन बसलंय. ते एकसारखं धडधडतं, त्याला कुठं मागं यायचं असतं? दुसऱ्या गवयांच्या साथीला बसलो की ओळ संपताच माझे हात अजून थांबतात. ते वैतागून बघतात. "मास्तर, वाजवा की," म्हणतात. वाजवतो. पण आधी बैलांना वर येऊ देतो.