बाराखडीत नसलेली खूण

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला आमच्या ऑफिसात जगातल्या तमाम लिप्या पडद्यावर नीट दिसाव्यात याची काळजी वाहणारे आम्ही चौघे होतो. २००४ साली मालदीवच्या धिवेही भाषेचं काम माझ्याकडे आलं, कारण मॅनेजरच्या मते ती ‘तुझ्याच बाजूची’ होती. मी नागपूरची. समुद्र बघायचा तर आम्हाला अख्खा दिवस गाडीत काढावा लागतो. पण नकाशावर बोटभर अंतर दिसत असेल, तर अमेरिकन माणसाशी वाद घालण्यात अर्थ नसतो.

शिवाय मी टीममधली देवनागरीची जाणकार. उजवीकडून डावीकडे जाणारी ती लिपी मला एका दुपारीत समजली, म्हणजे मला तसं वाटलं. अक्षरांच्या वर-खाली स्वरांच्या खुणा, आणि प्रत्येक खुणेला संगणकात स्वतःचा क्रमांक. कुठल्या क्रमांकांना खुणा मानायचं याची यादी प्रोग्रामला दिली, की तो त्या आधीच्या अक्षराला चिकटवतो. मी यादी केली आणि तपासायला घरची पद्धत वापरली: प्रत्येक अक्षराची बाराखडी काढली. दहा स्वर, दहा खुणा, सगळ्या जागच्या जागी. धिवेहीचा एक शब्दही न वाचता मी ‘पास’ लिहून मोकळी झाले.

त्याच शनिवारी मराठी मंडळात मी भाषण ठोकलं. या कंपन्या आपल्या मराठीला कशा गृहीत धरतात, ज्यांना ती वाचताही येत नाही अशी माणसं तिचं भवितव्य कशी ठरवतात, वगैरे. टाळ्या पडल्या. एका काकूंनी तर डोळे पुसले.

काही महिन्यांनी ओहायोत शिकणाऱ्या मालदीवच्या एका विद्यार्थ्याची तक्रार आली. आईच्या ईमेलमध्ये ओळीओळीत तुटक रेघांची वर्तुळं दिसत होती. मी बाराखडी पुन्हा चालवली. सगळं ठीक. ‘तुमचा फॉन्ट जुना असेल’ असं लिहून तक्रार बंद केली. तक्रार बंद केल्याचं आमच्याकडे फार कौतुक असायचं. ती सुटली का, हे कोणी विचारत नसे.

त्याने पुन्हा लिहिलं, अतिशय सभ्यपणे. आई बेटावरच्या शाळेत शिक्षिका होती. मुलगा लांब गेला म्हणून पन्नाशी उलटल्यावर टायपिंग शिकली. तिच्याही पडद्यावर तीच वर्तुळं येत होती, आणि तिला वाटत होतं की बोट आपलंच चुकतंय. हळूहळू ती लिहायचंच बंद करत चालली होती. मागचं पत्र चार शब्दांचं होतं.

तेव्हा कुठे मी त्या लिपीचा तक्ता शेवटपर्यंत पाहिला. दहा स्वरांनंतर अकरावी खूण होती, सुकून: इथे स्वर नाही हे सांगणारं, अक्षराच्या डोक्यावरचं बारीकसं कडं. आपण अक्षराचा पाय मोडतो, तसंच काहीसं. बाराखडीत पाय मोडलेलं अक्षर नसतं, म्हणून माझ्या यादीतही ते नव्हतं, आणि प्रोग्राम त्या कड्याला अक्षराऐवजी तुटक रेघांच्या वर्तुळावर बसवत होता. त्यांच्याकडे मात्र ते स्वरांच्याच पंगतीत बसतं आणि पावलोपावली येतं. दुरुस्ती एका आकड्याची होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुरुस्ती लोकांपर्यंत पोचली तेव्हा मी त्याला कळवलं. त्याने लिहिलं की आईचा विश्वास बसत नाहीये, तुम्हीच तिला सांगाल का? मी इंग्रजीत दोन ओळी लिहिल्या: चूक तुमच्या बोटांची नव्हती. माझी होती. त्याने त्या धिवेहीत करून पाठवल्या.

आठवड्याने त्याने आईचं उत्तर जसंच्या तसं पुढे धाडलं. पानभर होतं. मला त्यातलं ओ का ठो कळलं नाही, पण प्रत्येक कडं आपापल्या अक्षराच्या डोक्यावर होतं. खाली त्याने फक्त शेवटच्या ओळीचा अर्थ दिला होता: “आई विचारतेय, तुम्हाला अक्षरं कोणी शिकवली?”

माझ्या आईने. पाटीवर, बाराखडी घोटवून. तिच्याकडे बोट जायला नको, म्हणून मी कळवलं की माझी मीच शिकले.