न वळता खेळलेला सीझन

"हा गुडघा घेऊन तुम्ही मॅच खेळत होतात?" डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरली, खाली घेतली आणि पुन्हा धरली. "कसं काय?"

"वळत नव्हतो," मी म्हणालो.

ते हसले नाहीत. शेजारी बसलेल्या आईने माझ्याकडे बघितलं. तिला काही कळलं नव्हतं, पण डॉक्टर हसले नाहीत हे तिलाही कळलं.

उजव्या गुडघ्यातला एसीएल पूर्ण तुटला होता. ही गुडघ्याच्या आतली दोरी, मांडीचं हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारी. सरळ चालायला तिची फारशी गरज लागत नाही. पळता पळता दिशा बदलायची असेल तर मात्र तिच्यावाचून भागत नाही. शिवाय मेनिस्कस, म्हणजे दोन हाडांमधली गादी, फाटली होती. इथपर्यंतची नावं आम्हा फुटबॉलवाल्यांना पाठ असतात. तिसरी गोष्ट नवीन होती. कार्टिलेज, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, एका जागी पार हाडापर्यंत झिजलं होतं.

"दोरी नवी बसवता येईल," डॉक्टर म्हणाले. "गादी शिवायचा प्रयत्न करू. आवरण पहिल्यासारखं होत नाही. दोरी तुटली तेव्हाच आला असतात तर गोष्ट वेगळी होती."

"परत खेळता येईल ना?"

"आधी ऑपरेशन करू."

मला तेव्हाच समजायला हवं होतं. ज्यांना हो म्हणायचं असतं ते सरळ हो म्हणतात.

मी नाशिकजवळच्या मखमलाबादचा. आमच्या घरी गुलाब आणि झेंडूची शेती, बारा महिने फुलं तोडायची आणि बाजारात न्यायची. त्यातून मी शाळेच्या मैदानावरून पुण्याला, तिथून गोव्याला आणि शेवटी खालच्या लीगमधल्या एका क्लबात व्यावसायिक मिडफिल्डर म्हणून पोहोचलो. नातेवाइकांनी दरवर्षी न चुकता विचारलं, "क्रिकेट का नाही खेळत?" मी दरवर्षी हसून वेळ मारून नेली.

मिडफिल्डरचं काम सांगायला सोपं आहे. मागून बॉल येतो, पाठीला प्रतिस्पर्धी चिकटलेला असतो, बॉल घ्यायचा, गर्रकन वळायचं आणि पुढे द्यायचा. माझं सगळं नाव त्या वळण्यावर होतं. देवाने मला वेग दिला नव्हता, उंची दिली नव्हती, वळणं तेवढं दिलं होतं.

असाच वळताना गुडघ्यात 'टक्' झालं. गुडघा सुजून नारळाएवढा झाला. टीमच्या फिजिओने दाबून बघितलं आणि म्हणाला, "स्प्रेन आहे. बर्फ लाव." लचक, एवढंच. एमआरआयचं मी विचारलं, तर म्हणाला बघू. ते बघू सीझन संपेपर्यंत चाललं.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी खेळाडू असेल तर त्याने इथे नीट लक्ष द्यावं. सूज उतरते. तीन-एक आठवड्यांत पाय हलका वाटतो, सरळ पळता येतं, माणूस म्हणतो बरा झालो. मीही म्हणालो. मैदानात उतरलो, बॉल घेतला, उजवीकडे वळलो आणि गुडघा आतल्या आत निसटला. पडलो नाही. कुणाला दिसलंही नाही.

त्या दिवसापासून मी वळणं सोडलं. आलेला बॉल पहिल्याच टचमध्ये आला तिकडे परत द्यायचा. पाठीवर कुणी यायच्या आत देऊन मोकळं व्हायचं. बॉल येण्याआधीच अर्धा आडवा उभा राहायचो, म्हणजे वळायची वेळच येऊ नये. कॉन्ट्रॅक्ट त्याच सीझनला संपत होतं. बाकावर बसलेल्याचं कॉन्ट्रॅक्ट कुणी वाढवत नाही.

आणि कोच खूश झाले. टीम मीटिंगमध्ये त्यांनी माझ्या क्लिप्स लावल्या. "बघा, याला म्हणतात सिंपल फुटबॉल. उगाच नखरे नाहीत. हा पोरगा मॅच्युअर झालाय." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लंगड्याच्या चालीला लोक नाच म्हणत होते आणि मी मान लववून दाद घेत होतो. काही दिवसांनी तर मलाच ते खरं वाटायला लागलं. वाटलं, खरंच की, आपण शहाणे झालोय, आधी नुसते गरगर फिरत होतो.

आत गादी फाटत होती आणि आवरण खरवडून निघत होतं. प्रत्येक मॅचला थोडं थोडं.

सीझनभर एकाही डिफेंडरला जे कळलं नाही ते आमच्या वावराला कळलं. सुट्टीत घरी आलो होतो. झेंडूचं क्रेट उचलून बांधावरून वळलो आणि खाली बसलो तो उठलोच नाही. मग एमआरआय झाला.

हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये मी एकटाच तिशीच्या आतला होतो. बाकी सगळे गुडघे बदलायला आलेले आजी-आजोबा. रिसेप्शनवरची मुलगी दरवेळी आईकडे बघून विचारायची, "पेशंट तुम्हीच ना?" शेजारी घोटीचे एक काका होते, भाताच्या खाचरात घसरलेले.

"काय करतो तू?" त्यांनी विचारलं.

"फुटबॉल खेळतो."

"ते झालं रे. पण काम काय करतो?"

आईच मध्ये पडली. "तेच काम हाय त्याचं. लय लांब लांब खेळाया जातो." तिने माझी एकही मॅच बघितली नव्हती.

ऑपरेशनला स्पायनल ॲनेस्थेशिया दिला, म्हणजे कमरेत इंजेक्शन देऊन खालचं अंग बधिर करतात. माणूस जागा असतो. डॉक्टर माझ्या मांडीमागचा स्नायूबंध काढून त्याची दोरी वळत होते, हाडाला ड्रिल लागल्याचा आवाज येत होता आणि पडद्यापलीकडे कुणीतरी क्रिकेटचा स्कोअर विचारत होतं. नाशिकमध्ये फुटबॉलची किंमत किती हे मला तिथे टेबलावर पडल्या पडल्या पुन्हा एकदा कळलं.

नंतर वॉकर, ब्रेस आणि व्यायाम. मांडी वाळून दंडाएवढी झाली होती. फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणायच्या, "पाय सरळ उचला, अजून, अजून." मी शिव्या गिळायचो. पहिल्या दिवसांत आई मला अंघोळीला धरून न्यायची आणि चार वाजता उठून फुलं तोडायलाही जायची. "पाय जागेवर हाय ना, मंग बस झालं," म्हणायची. मला तिचा राग यायचा. नुसता जागेवर असलेला पाय घेऊन मी काय करणार होतो?

क्लबने कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही, सोशल मीडियावर माझा फोटो टाकला, खाली 'थँक यू'. ऑपरेशनची चौकशी करायला एकाचाही फोन आला नाही. फोटोत मी वळत होतो, जुना असणार.

वर्ष होत आलं तेव्हा डॉक्टरांनी शेवटचं तपासलं. नडगी पुढे ओढून बघितली. दोरी घट्ट होती. "उत्तम. चाला, सायकल चालवा, पोहा. नॉर्मल माणूस करतो ते सगळं करा."

"आणि खेळ?"

"खेळलात तर पस्तिशीत गुडघा बदलायला माझ्याकडेच याल. खेळू नका."

तेव्हा सव्वीसचा होतो. पार्किंगमध्ये आईच्या खांद्यावर डोकं ठेवून मी रडलो. येणारे-जाणारे बघत होते. या आजारपणात मी ऋणी असेन तर आईचा, त्या मॅडमचा आणि एका वाक्यात खरं सांगणाऱ्या डॉक्टरांचा. 'जोरात कमबॅक कर' म्हणणाऱ्यांचा अजिबात नाही.

गेल्या महिन्यात संकेतचा फोन आला. कोल्हापूरचा, एकवीस वर्षांचा, क्लबात माझ्या जागी घेतलेला. गुडघ्यात आवाज आला होता, सूज उतरली होती. "कोचनी तुमचा नंबर दिला, दादा. म्हणाले, त्यो असाच अख्खा सीझन खेळलाय, त्याला इचार."

मी त्याला सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेवढं सगळं, आवरणासकट. म्हणालो, उद्याच्या उद्या एमआरआय कर, क्लब नाही म्हणाला तर घरी जाऊन कर, पण मैदानात उतरू नकोस. तो "व्हय दादा, व्हय दादा" म्हणत होता. मला बरं वाटलं. माझा गुडघा निदान कुणाच्या तरी उपयोगी पडला, असं आईलाही सांगितलं.

रविवारी मोबाइलवर मॅच लावली. संकेत पहिल्या अकरात होता. बॉल आला की पहिल्याच टचमध्ये परत, आला की परत. उजवीकडे तो एकदाही वळला नाही. कॉमेंटेटर त्याच्या समजूतदार खेळाचं कौतुक करत होता.

मॅच संपल्यावर मी मेसेज केला: एमआरआय केलास का?

उत्तर लगेच आलं.

"दादा, कोच लई खूश हाईत."