पेटीचं प्लास्टिक

दवाखान्यात सगळे तिला चकचक सिस्टर म्हणत. नवरा तर म्हणे, "ही स्वर्गात गेली तरी आत शिरायच्या आधी दार पुसेल!"

तिच्या ताब्यात एक काचेची पेटी होती. परदेशातून मदत म्हणून आलेली, वेळेआधी जन्मलेल्या बाळांना ऊब देणारी. ती आली तेव्हाच वरच्या ऑफिसानं बजावलं होतं, "मदत देणारे तपासायला येतील. ओरखडा दिसला तर जाब तुम्हाला विचारू." झालं! पेटीवरचं प्लास्टिक निघालंच नाही. अशक्त बाळं मोठ्या इस्पितळात धाडायची आणि पेटी मऊ फडक्यानं पुसायची. पाहुणे "वा, अगदी नवीकोरी!" म्हणून जायचे, आणि सिस्टरच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आज पुन्हा तपासणी. फरशी लखलखत होती, पडदे बदलून झाले होते, आणि बाळंतिणीच्या खोलीतून मावशी धावत आली.

"सिस्टर, मुठीएवढी पोर झालीय हो! हातपाय गार पडलेत!"

"मग गाडी काढा की, इस्पितळात न्या!"

"गाडी पाहुण्यांना आणायला गेलीय!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गुंडाळा पोरीला. दुसरी गाडी बघतो."

पोरीला छातीशी धरून तिची आजी पेटीसमोर उभी. "ही कशासाठी असते गं बाई?"

"अशक्त बाळांसाठी," सिस्टर बोलून गेली. पाहुण्यांसाठी पाठ केलेलं उत्तर.

"मग ही काय पैलवान आहे?"

सिस्टरनं कात्री शोधली, सापडेना. दातांनीच प्लास्टिक फाडलं.

"अहो, आज? पाहुणे फाटकात येतील!" डॉक्टर ओरडले.

"येऊ देत! मावशी, बटण दाबा!"

काही नाही. मावशीनं वायर हलवली, पिन दाबून बसवली, आणि दिवा लागला!

"लागली गं बाई, लागली!"

पोरीला आत ठेवलं. सगळे काचेला चिकटले. निळसर तळवे हळूहळू गुलाबी झाले, आणि मग पोरीनं असं काही भोकाड पसरलं की आजी हसता हसता रडायला लागली.

त्याच गोंधळात पाहुण्या बाई दारात आल्या, मागे दुभाष्या. डॉक्टरांनी फाटकं प्लास्टिक पायानं खाटेखाली सारलं.

"बाई विचारतायत, आजवर किती बाळं ठेवली हिच्यात?"

"तशी बरीच..." डॉक्टर सुरू झाले.

"ही पहिली," सिस्टर म्हणाली.

दुभाष्या घुटमळला. "असंच सांगू?"

"अस्संच सांग! आणि म्हणावं, तुम्ही पेटी बघायला यायचात, म्हणून आम्ही पेटी सांभाळली. बाळं कुणी विचारलीच नाहीत. मीसुद्धा."

बाईंचा चेहरा उतरला. त्या पेटीतल्या पोरीकडे वळल्या. मग काहीतरी हळूच बोलल्या.

"म्हणतायत, पुढच्या वेळी आम्ही काय तपासावं?"

"मला काय विचारता? हिच्या आईला विचारा. ती काय पलीकडच्या खोलीत."

सगळी वरात तिकडे निघाली. बाई खाटेपाशी वाकल्या, दुभाष्यानं घसा खाकरला, "ताई, या पाहुण्यांना तुम्हाला..."

"प्रश्न नंतर!" आई कोपरावर उठत म्हणाली. "आधी माझी पोर दाखवा मला!"

दुभाष्यानं भाषांतर करायच्या आत बाईंनी कोपऱ्यातली चाकाची खुर्ची खाटेजवळ ओढली होती.