प्लेटलेट्स ठीक होत्या

‘विद्याच्या प्लेटलेट्स दोन लाखांच्या वर! काळजीचं कारण नाही.’ माझ्या दिरानं, सुहासनं, घरच्या ग्रुपवर हा मेसेज टाकला तेव्हा मी लेकीच्या बाळंतपणासाठी कोल्हापूरला होते. खाली जोडलेले हात, अंगठे, फुलं... सगळं खानदान हजर. त्याच आठवड्यात त्याच ग्रुपवर विद्या गेल्याचं कळलं आणि तेच हात पुन्हा जोडले गेले. दीड महिना झाला, तळपायाची आग मस्तकात गेली ती अजून उतरलेली नाही.

विद्या माझी धाकटी जाऊ, सुहासची बायको. कर्वेनगरला एकाच सोसायटीत मी दुसऱ्या मजल्यावर, ती तिसऱ्या. जावाजावांचं पटत नाही म्हणणाऱ्यांना आम्ही दोघींनी वर्षानुवर्षं निराश केलं. ती मार्केट यार्डात कांदा-बटाट्याच्या एका आडत्याकडे फोन सांभाळायची. एखादा शेतकरी म्हणाला, “मॅडम, माल एक नंबर हाय, पण...” की ही लगेच, “‘पण’च्या पुढचं आधी बोला.” घरीही तेच. तिच्या नव्या साडीला मी एकदा “छान आहे गं, पण...” म्हटलं, तर म्हणाली, “वहिनी, कौतुक राहू द्या, पुढचं आधी बोला.” मी म्हटलं, “पडद्यासारखी दिसते.” खो खो हसली, आणि माझ्या वाढदिवसाला मुद्दाम तीच नेसून आली.

मध्यंतरी तिचं वजन उतरायला लागलं, हात थरथरायचे. थायरॉइड गरजेपेक्षा जास्त काम करतंय असं निघालं आणि मोठ्या डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. सकाळी एक, रात्री एक, नमस्कार, पुढचा पेशंट. या गोळ्यांनी क्वचित कुणाच्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. ताप आला, घसा दुखला, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि रक्त तपासायचं असतं. एवढं एक वाक्य बोलायला तोंड किती दुखतं हो? नाही बोलले.

मग ताप आला. घसा इतका धरला की थुंकी गिळवेना. मी फोन केला तर उचलला नाही, मेसेज आला, ‘बोलवत नाही. आल्यावर भांडू.’ आणि पुण्यात आता ताप आला की माणूस डॉक्टरकडे जात नाही, प्लेटलेट्स मोजतो! वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळे डेंग्यूचे तज्ज्ञ. रक्त घरी येऊन नेलं, संध्याकाळी लॅबमधल्या मुलीचा फोन आला. हे मला सुहासनंच सांगितलं, तेराव्यानंतर, ओट्याला टेकून. ती मुलगी म्हणाली, “सर, रिपोर्टमध्ये...” यानं विचारलं, “प्लेटलेट्स किती?” “प्लेटलेट्स ठीक आहेत, पण...” “मग झालं तर!” आणि यानं फोन ठेवला.

पांढऱ्या पेशी नऊशे होत्या. नऊशे! मोठ्या माणसाच्या साधारण चार हजार ते अकरा हजार असतात, लॅबगणिक थोडं इकडेतिकडे. आकडा जाड अक्षरात छापलेला होता, आणि सुहासनं तो पाहिलाही होता. “वहिनी, मला वाटलं, पांढऱ्या पेशी वाढल्या की इन्फेक्शन असतं. कमी आहेत म्हणजे चांगलंच की.” अरे, त्या पेशी म्हणजे इन्फेक्शन नव्हे, त्याच्याशी लढणाऱ्या त्या! अंगात ताप फणफणतोय आणि लढायला कुणी उरलेलं नाही, याला तू चांगलं म्हणालास?

आणि अशा बाईला बघायला माणसांची रीघ लागली. शेजारीण पपईच्या पानांचा रस घेऊन, आत्या किवी घेऊन, पुतण्या नाक पुसत. प्रत्येकानं उशाशी बसून कपाळावर हात ठेवला. ती बिचारी घसा धरून तो कडू रस गिळत राहिली, प्लेटलेट्ससाठी... ज्या ठणठणीत होत्या! शेवटी हॉस्पिटलात नेलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, “गोळ्या कुठल्या चालू आहेत?” तोवर उशीर झाला होता.

हे सगळं कळल्यापासून सुहासशी मी बोलत नाही. डबा मात्र देते. विद्याचा नवरा उपाशी राहिला तर ती मला सोडायची नाही. परवा डबा घेऊन वर गेले. विद्याचा मोबाइल फ्रिजवर असतो, सुहास तो रोज चार्जिंगला लावतो. तेवढ्यात तो वाजला, सुहासनं उचलला. गावाकडचा कुणी शेतकरी होता, त्याला काहीच माहीत नसावं. मोठ्यानं बोलत होता, मला दारापर्यंत ऐकू येत होतं. “मॅडम हायेत का? बटाटा भरलाय गाडीत, पण...”

सुहास भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “बोला... ‘पण’च्या पुढचं आधी बोला.” आणि तो माणूस ओल्या मालाबद्दल, अडकलेल्या गाडीबद्दल बोलत राहिला, आणि हा उभ्या उभ्या सगळं ऐकत राहिला. मध्ये एका शब्दानं तोडलं नाही.

मी डबा ओट्यावर आपटला. आता ऐकतोय मेला.