फोककाकांचं सातचं जेवण

"आरं, पर रद्द कशापायी करायचं? मेलेल्या मानसाचं जेवान हाय त्ये, शिनेमाचं तिकीट न्हाई."

चहाघरात वाढणारी लानताई हातातली किटली खाली न ठेवताच बोलत होती. समोर फोककाकांचा पुतण्या केइ-मान उभा होता. बाहीवर काळ्या कापडाचा तुकडा, डोळ्यांत झोप.

"मावशी, दहन परवा आहे. तिथनं परत येणार मी आणि बायको. दोघांनी सात पदार्थ मांडून एकमेकांची तोंडं बघायची का? मॅनेजर म्हणतात, आठ माणसं नसतील तर वरचा हॉल उघडत नाही. आम्ही कुठंतरी शेवयांचं सूप पिऊन घरी जातो."

"सा मानसं मी आनती."

"तुम्ही? कुठनं?"

लानताईनं मान वळवून खांबाजवळच्या अकरा नंबरच्या टेबलाकडं बघितलं. "तितनं," ती म्हणाली.

फोककाका म्हणजे आमच्या फूक-सिंग चहाघरातलं वीस वर्षांपासूनचं गिऱ्हाईक. सुक्या मासळीच्या गल्लीत पोती वाहून वाहून पाठीला बाक आलेला, चौऱ्याऐंशी वर्षांचा, बायकापोरं नसलेला माणूस. सकाळी सहाला दार उघडलं की येऊन बसायचा. एक किटली चहा आणि वाफवलेल्या कोंबडीच्या पायांची एक टोपली. तोंडात दात नव्हते, पण एकेक पाय असा चोखायचा की हाडं धुतल्यासारखी निघायची. तीन आठवड्यांपूर्वी दोन दिवस दिसला नाही, तेव्हा लानताईच त्याच्या खोलीवर गेली. मालकाकडनं कुलूप काढवलं. नंतर पुतण्याला फोनही तिनंच केला. दहनाची पाळी यायला इकडं तीन-तीन आठवडे लागतात.

आमच्याकडं टेबल एका माणसाचं नसतं. मोकळी खुर्ची दिसली की विचारायचं, इथं कुणी आहे का? नाही म्हटलं की बसायचं. असं बसता बसता पंधरा-वीस वर्षं निघून जातात. शेजाऱ्याला मूळव्याध आहे हे कळतं, त्याचं सुनेशी पटत नाही हे कळतं, नाव तेवढं कळत नाही. विचारत कुणी नाही. लानताई गिऱ्हाइकाला चहावरनं ओळखते. पु-अरवाला म्हणजे ट्राम चालवून निवृत्त झालेला. सौ-मेईवाली म्हणजे पूर्वी नाक्यावर पेपर विकणारी म्हातारी. शेवंतीचा चहा पिणारे ते शाळेतले गुरुजी.

चार वर्षांपूर्वी एकदा वरच्या हॉलमधनं काळ्या कपड्यांतली माणसं जिना उतरत होती. फोककाकांनी तोंडातलं हाड बाजूला काढून विचारलं होतं, "लाने, किती टेबलं व्हती?"

"तीन."

"माजं येकच आसू दे. पर भरल्यालं दिसाय पायजे. घरी मी कुनासंगं जेवलोच न्हाई. जे काय जेवलो ते हितं, लोकांच्या मांडीला मांडी लावून."

लानताईनं त्याच्या किटलीत गरम पाणी ओतलं आणि म्हणाली, "व्हय." एवढंच बोलणं झालं. पण ती तोईशानकडच्या खेड्यातली बाई. तिच्या तोंडनं व्हय गेलं म्हणजे गेलं.

वरचा हॉल तिच्याकडं कसा आला तेही सांगायला पाहिजे. तिचा नवरा बांबूच्या परांचीवरनं पडून गेला, तेव्हा ती तिशीची होती. त्याचं सातचं जेवण याच हॉलमध्ये झालं. वाडग्यात भात तसाच गार होत होता. वाढणाऱ्या बाईनं त्यावर माशाचा तुकडा ठेवला आणि ही गिळेपर्यंत बाजूला उभी राहिली. दोन महिन्यांनी लानताई इथं काम मागायला आली. लग्नाच्या पोरी त्या टेबलांना वाढायला भितात, अंगाला लागतं म्हणतात. हिला आणखी काय लागायचं राहिलं होतं? एकतीस वर्षं झाली. पदार्थ सात, आठ नाही, आठ लग्नाला. पेला उचलायचा नाही. आणि जाणाऱ्याला दारात "पुन्हा या" म्हणायचं नाही. असल्या जेवणाला पुन्हा कुणी यावं म्हणून?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टेबलाटेबलानं फिरली.

मासे पाळायच्या टाक्या विकणारा एक जण म्हणाला, "लानताई, पुढच्या महिन्यात पोरीचं लग्न आहे. मला असल्या ठिकाणी पाय टाकता येत नाही, तुलाही ठाऊक आहे." ते खरंच होतं. ती पुढं सरकली. दुसरा म्हणाला, "अगं, मला त्याचं आडनावसुद्धा माहीत नाही."

"आडनावाबरुबर बसत हुतास व्हय रं इतकी वरसं?" ती म्हणाली, पण तो काही आला नाही.

सौ-मेईवाल्या म्हातारीनं मात्र किटलीचं झाकण उघडून ठेवलं, पाणी घाल म्हणून, आणि म्हणाली, "येती की. मला कसला इटाळ हुतोय आता? यमाला सुदीक माजं त्वांड नगं झालंय."

पु-अरवाल्यानं नुसती मान डोलावली. कोपऱ्यावरचा न्हावी आपल्या भावाला घेऊन येतो म्हणाला. गुरुजी बराच वेळ वाडगा चहानं विसळत बसले. त्यांच्या हृदयाला झडप बसवलेली. शेवटी म्हणाले, "लानताई, मला भीती वाटते. पण येतो."

पाच झाले, सहावा मिळेना. मॅनेजर याउसाहेब जिन्याशी उभे राहून हे सगळं बघत होते. "सात जण होतात," ते म्हणाले. "आणि तुला बसता येणार नाही, अंगावर गणवेश आहे."

"मी बसाय कुटं मागतीया? वरचं दिवं लावा म्हंती."

याउसाहेबांनी दिवे लावले.

दहनाहून भाड्याच्या बसनं सगळे आले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तिथं रिवाजानं वाटलेली गोडाची गोळी म्हातारीच्या गालात अजून होती. आचाऱ्यानं विचारलं होतं, सातांवर आणखी एक टोपली कोंबडीचे पाय देऊ का, काकांची म्हणून. लानताई कडाडली होती, "आट करतोस व्हय रं मुडद्या?" मग त्यानं आख्खी कोंबडी रद्द केली आणि सातवा पदार्थ म्हणून पायच पाठवले.

टेबलाच्या मध्ये ते ठेवले तेव्हा कुणी हात घालेना. शेवटी म्हातारीनं एक उचलला.

केइ-माननं खिशातनं दहनाचा कागद काढून टेबलावर ठेवला. गुरुजींनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, "फोक वाय-च्युन."

"वाय-च्युन?" म्हातारी चोखायची थांबली. "आगं बया. येवडं देकनं नाव! आन आमी त्येला कोंबडीपाय म्हनत हुतो."

कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं. पु-अरवाला घसा साफ करून म्हणाला, "तर मग माझं नाव..."

"गप ऱ्हा," म्हातारीनं त्याला जेवायच्या काडीनं दटावलं. "ह्या टेबलाव नाव फकस्त त्येचं. तुजं कळंल सावकाश."

मग सगळ्यांनी टोपलीत हात घातले. हाडं चोखल्याचा आवाज तेवढा होता. पुतण्याची बायको, जिनं काकांना दोनदाच बघितलं होतं, ती रडायला लागली. लानताईनं तिच्या वाडग्यात माशाचा तुकडा ठेवला आणि बाजूला उभी राहिली.

निघायची वेळ झाली. लानताई दार धरून उभी होती, तोंड मिटून, एकतीस वर्षं राहत आली तशी. पुतण्या गेला, बायको गेली. मग न्हावी आणि त्याचा भाऊ. मागनं पु-अरवाला, म्हातारी, गुरुजी. ही तिची रोज सकाळची माणसं. रोज याच जिन्याच्या पायथ्याशी ती त्यांना बोलून निरोप देते. तोंडाला सवय होती.

"उंद्या या," ती म्हणाली.

जिन्यावर सगळ्यांचे पाय थांबले. याउसाहेबांनी भिंतीचा आधार घेतला. गुरुजींचा हात छातीकडं गेला. लानताईनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण शब्द कधीच बाहेर पडला होता. कुणी मागं वळलं नाही. असल्या वेळी वळायचं नसतं. एकेक पायरी उतरून ती माणसं रस्त्याला लागली.

त्या संध्याकाळी तिनं हॉलची फरशी दोनदा पुसली. याउसाहेब ओरडले नाहीत. नुसतं म्हणाले, "तू केलंस तरी काय हे? नात्यागोत्याच्या नसलेल्या माणसांना तिथं बसवलंस, आणि वर हे."

"त्येनी भरल्यालं टेबल मागितलं हुतं," ती म्हणाली. "रिकामं कसं वाडू?"

सकाळी सहाला दार उघडलं. लानताईनं अकरा नंबरवर वाडगे मांडले. किती मांडायचे ते तिला सुचेना, म्हणून नेहमीएवढेच मांडले. सव्वासहापर्यंत कुणी आलं नाही. ती दुसऱ्या टेबलांना पाणी घालत राहिली, पण पाठ दाराकडं करत नव्हती.

साडेसहाला म्हातारी आली. "काय बगतीयास डोळं फाडून? या म्हनली हुतीस न्हवं? आली."

पु-अरवाला आला. न्हावी नेहमी सातला येतो, तो सातला आला.

गुरुजी काही आले नाहीत. त्या दिवशी नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मग कळलं की पलीकडच्या चौकातल्या चहाघरात बसतात, तब्येत बरी आहे. लानताईनं ते ऐकलं, मान हलवली आणि शेवंतीचा डबा मागच्या फळीवर सरकवला.

पण हे नंतरचं. त्या सकाळी साडेसातच्या सुमारास एक अनोळखी माणूस आला, अंगावर गोदामाचा मळका सदरा. फोककाकांच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून त्यानं विचारलं, "इथं कुणी आहे का?"

पु-अरवाल्यानं म्हातारीकडं बघितलं. म्हातारीनं लानताईकडं बघितलं. लानताईच्या हातात किटली तशीच होती.

"कुनी न्हाई," लानताई म्हणाली. "बसा. च्या कंचा?"

"पु-अर."

"हितं येक पु-अर हाय आदीच," म्हातारी म्हणाली. "घोटाळा हुईल."

शेजारच्या टेबलावर कुणीतरी किटलीचं झाकण उघडून ठेवलं होतं. लानताई तिकडं पाणी घालायला गेली.